तीन मीटरवरचे सात

मोजणीच्या काचेत एक मिलिलिटर पाणी होतं आणि त्या पाण्यात, आयोडिनने तपकिरी पडून जागच्या जागी थिजलेले, दोनशे एकोणऐंशी जीव होते. हिरव्या शेवाळाचे गोल पुंजके एकशे चव्वेचाळीस. काचेच्या कवचाचे, ताऱ्यासारखे एकमेकांना जुळलेले डायटम, म्हणजे एकपेशी शेवाळं, सत्त्याहत्तर. निळसर मण्यांच्या माळा एक्कावन्न. इथपर्यंत सगळं नेहमीचं, रोज भेटणाऱ्या बिऱ्हाडांसारखं. उरलेले सात मात्र तिने तीनदा मोजले. सहा होते होडीच्या आकाराचे जाड, जड डायटम, कडांना मातीचे कण चिकटलेले. सातवा एक सूत्रकृमी, दोऱ्याहून बारीक, मरताना वळला तो चारच्या आकड्यासारखा दिसत होता. तिने डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून काढला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा लावला. चार तिथेच होता. हे सातही जण गाळात राहणारे. बाटलीवरच्या चिठ्ठीत मात्र, ठसठशीत उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: मधला मनोरा, खोली तीन मीटर. ते अक्षर तिच्या भावोजींचं होतं.

तलाव मधल्या, पाणी उपसायच्या मनोऱ्यापाशी चौदा मीटर खोल आहे. तळाचा गाळ आणि तीन मीटर यांच्यामध्ये अकरा मीटर पाणी उभं असतं, आणि होडीच्या आकाराचा जड डायटम काही जिना चढून वर येत नाही. तिने बाटली हलवून दुसरा थेंब घेतला, पुन्हा मोजलं. या वेळी आठ निघाले. मनात पाल चुकचुकली म्हणतात ती तेव्हाच. पण तिला शिकवलेलं होतं की एका आकड्यावर काही बोलू नये, म्हणून तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात सात आणि आठ लिहून ठेवलं आणि हात धुतले. आयोडिनचा डाग अंगठ्यावर तसाच राहिला. बाहेर वारा सुटला होता. चार दिवस झाले, हवा पालटल्यापासून तो पडला नव्हता. प्रयोगशाळेच्या खिडकीची एक फळी आपटत होती, थांबत होती, कुणीतरी आत यायचं ठरवून परत जावं तशी पुन्हा आपटत होती.

या प्रयोगशाळेत काठावरच्या बाटलीची एक जुनी गोष्ट सांगत. भावोजींच्या आधी बोटमास्तर म्हणून नमुने आणायला जो माणूस होता, त्याला सगळे पायरीबहाद्दर म्हणत. तो धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसून सगळ्या बाटल्या तिथेच भरायचा, चिठ्ठ्यांवर मनोरा, उत्तर टोक, दक्षिण टोक असं लिहायचा आणि उरलेला वेळ होडीत झोपायचा. वर्षभर कुणाला कळलं नाही. मग मॅडमना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, मनोऱ्याच्या पाण्यात पायरीला चिकटणारे जीव दिसले, आणि त्याच दिवशी तो घरी गेला. मॅडम ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवत. शेवटी चष्म्याची साखळी बोटाभोवती गुंडाळत म्हणत, “पाण्यातला जीव खोटं बोलत नाही, बाळ. तो कुठे राहतो ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.” तिला ते वाक्य फार आवडलं होतं. गेल्या दोन महिन्यांत तिने ते आपलंच करून टाकलं होतं.

मॅडमनीच तिला फलकाचं काम दिलं होतं. जलशुद्धीकरण पाहायला लोक येतात, शाळांच्या सहली येतात, त्यांच्यासाठी भिंतीवर चार शब्द आणि त्यांचे सोपे अर्थ लिहायचे. सोपे म्हणजे चुकीचे नव्हेत, हे मॅडमनी दोनदा बजावलं. तिने कच्चा मसुदा केला होता. प्लवक: पाण्यात अधांतरी असणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे. तरणक: स्वतःच्या बळावर पोहणारे, प्रवाहाविरुद्धही जाऊ शकणारे. नितलस्थ: तळाशी, गाळात किंवा दगडाला धरून राहणारे. चौथा शब्द अजून रिकामा होता. आगंतुक प्लवक. खरं तर जे तळाचे, पण काही कारणाने वरच्या पाण्यात सापडतात, ते. काही कारणाने, हे तिला खटकत होतं. व्याख्येत काही कारणाने असं लिहिणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. कोणत्या कारणाने? कुणी गाळ ढवळला म्हणून, की कुणी बाटली दुसरीकडेच भरली म्हणून? ती पेन्सिलीचं टोक दाताखाली धरून बसली आणि तो चौथा शब्द कागदावर हळूहळू एखाद्या माणसासारखा दिसू लागला, ठसठशीत, उजवीकडे कललेला.

हे कुणा परक्याचं असतं तर तिने तासाभरात नमुना संशयास्पद असं लिहून बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली असती. पण ती राहायची भावोजींच्याच घरात. पंपघरामागच्या दोन खोल्या त्यांना नोकरीबरोबर मिळालेल्या. आतल्या खोलीत ताई आणि भावोजी, बाहेरच्या खोलीत तिचा पलंग, पुस्तकं आणि ताईचं शिलाई मशीन. ताईला सातवा महिना लागलेला. भावोजींची नेमणूक वर्षाच्या कराराने, आणि करार या महिनाअखेर पुन्हा व्हायचा होता. त्या कागदावर मॅडमची सही लागायची. इथली जागा रिकामी आहे हे तिला भावोजींनीच सांगितलं होतं, अर्जही त्यांनीच स्वतः नेऊन दिला होता, आणि मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर तिच्यापेक्षा जास्त घामाघूम होऊन बसले होते. म्हणजे संशयास्पद हा एकच शब्द लिहिला, की भावोजींची नोकरी, दोन खोल्या आणि ताईचं बाळंतपण, सगळंच त्याच्यामागे ओघळून जाणार होतं. न लिहावा तर खालचं सगळं शहर ते पाणी पितं. तिला वाटलं, आपण शहराचं नाव मध्ये घेतोय खरं, पण आपल्याला शहराची एवढी काळजी आहे का? की आपली मोजणी बरोबर होती एवढंच कुणाला तरी दाखवायचंय?

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भावोजी खाली बसून ताईच्या मशीनचा पट्टा चढवत होते. मान वर न करताच म्हणाले, “या भिंगबाई. आज किती जणांचे खून केले?”

“दोनशे एकोणऐंशी,” ती म्हणाली.

“बघ,” भावोजी ताईला म्हणाले, “लोकांच्या मेव्हण्या माणसांना पाण्यात पाहतात. आपली पगार घेऊन पाहते.”

ताई हसली. हसताना तिने पोटाला हात लावला, हल्ली लावते तसा. तीही हसली, आणि हसता हसताच तिला दिसलं की भावोजींच्या नखांत काळं आहे. मशीनचं तेल असेल. गाळही असू शकेल. काठावर उकिडवं बसून बाटली बुडवली तर हात टेकावा लागतो, आणि टेकला की नखांत गाळ जातोच. ती त्यांच्या हातांकडे इतका वेळ पाहत राहिली की त्यांनी हात उलटे करून स्वतःच पाहिले.

“भावोजी, मनोऱ्यापर्यंत जाता ना तुम्ही दर वेळी?” तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

“छे. तिथल्या माशांना फोन करतो. ते आणून देतात.”

“तसं नाही. वारा आहे ना सध्या. होडी डोलत असेल.”

“डोलते. मीही डोलतो. दोघं मिळून गाणं म्हणतो.”

“आणि तीन मीटरचा दोर मोजून सोडता?”

“अंदाजाने. चार बोटं इकडेतिकडे झाली म्हणून तलाव काही रुसत नाही.” मग पट्टा बसला, त्यांनी चाक फिरवून पाहिलं. “काय गं, माझी तोंडी परीक्षा चालली आहे का?”

“तुम्ही दोघं घरी तरी पाणी सोडून बोलाल का?” ताई मध्येच म्हणाली. “तहान लागते मला ऐकून.”

भावोजी कधी सरळ उत्तर देत नसत, ही काही नवी गोष्ट नव्हती. ताईला पाहायला आले त्या दिवशी तिच्या बाबांनी विचारलं होतं, पगार किती, तर हे म्हणाले होते, महिनाअखेरपर्यंत पुरत नाही इतका. बाबा सोडून सगळे हसले होते. या थट्टेवरच ताई भाळली, आणि तिलाही, तेव्हा अकरावीत असताना, हा माणूस खोलीत आला की खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. आता तिला वाटलं, थट्टा म्हणजे तरी काय? प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ओतलेलं पाणी. जितकं जास्त ओतावं तितका तळ दिसेनासा होतो. ती पलंगावर आडवी पडली आणि गेल्या सगळ्या वर्षांतली भावोजींची एकेक थट्टा आठवून ती कशाच्या ऐवजी केली होती हे शोधू लागली. शोधलं की सापडतं. ताईच्या हातातली बांगडी विकली तेव्हाची थट्टा. दोन दिवस कुठे गेले होते ते कुणाला कळलं नाही, तेव्हाची. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते किती वर्षांपासून, असा विचार येऊन ती कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी भावोजी नमुने घेऊन प्रयोगशाळेत आले, बाटल्या ठेवल्या, शिपायाशी दोन शब्द बोलून गेले. त्यांच्या पाठोपाठ ती धक्क्यावर गेली. कारण काही नव्हतं. कुणी विचारलं तर फलकासाठी काठावरचं शेवाळ हवंय असं सांगायचं तिने ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही. होडी बांधलेली होती. वारा तिला धक्क्यावर घासत होता, काठाची धूळ उडवत होता. तिने वाकून बांधायच्या दोराला हात लावला. कोरडा. कोरडा आणि उन्हात वाळवलेल्या कापडासारखा ताठ. होडीच्या तळात हात फिरवला, फळ्याही कोरड्या. वल्ह्याच्या पात्यावर धुळीचा पातळ थर होता, त्यात तिचं बोट उमटलं. आत्ता तासाभरापूर्वी जो माणूस मनोऱ्यापर्यंत जाऊन आला त्याचं वल्हं असं असतं का? तिने बोटावरची धूळ पाहिली आणि जिना संपल्यावरही अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकल्यासारखं तिला झालं.

कोरडेपणाचं तिला जुनं भय होतं. लहानपणी दोघी बहिणी बाबांना चोरून नदीवर जात. बाबा काही विचारत नसत. संध्याकाळी दारात उभे राहून ते नुसते दोघींच्या केसांवरून हात फिरवत, मायेने फिरवल्यासारखा, आणि केस ओले लागले की तोच हात खाली येई. ताईनेच उपाय काढला. नदीवरून निघालं की टेकडीच्या बाजूने जायचं, तिथे वारा असतो. केस मोकळे सोडून वाऱ्यात उभं राहायचं, एकमेकींचे केस हाताळून पाहायचे, आणि कोरडे झाले की मगच घरी. बाबांचा हात डोक्यावर फिरे, थांबे, पुन्हा फिरे. ताई त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणे, आम्ही मैत्रिणीकडे होतो. ती स्वतः खाली पाहत राही, पायांच्या बोटांत अडकलेली वाळू दिसतेय का ते. त्या दिवसांपासून तिला ठाऊक होतं की बाबांनी आपल्यावर कधीच विश्वास ठेवला नाही आणि ते बरोबरच होते. तोच हात आता तिला मनगटापासून पुढे फुटला होता. ती धक्क्यावर उभी राहून दोरावरून तो फिरवत होती, आणि दोराला डोळे असते तर त्याने तिच्या डोळ्यांत डोळे घातले असते.

नव्या बाटलीत त्या दिवशी अकरा निघाले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई वाळलेले कपडे काढत होती, तिला मदत म्हणून तिने भावोजींचा सदरा दोरीवरून घेतला आणि नाकापाशी नेला. धुतलेला होता तरी बाह्यांना वास होता. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा, कुजका, थंड. तळाच्या गाळाचा वास. तिने तो महाविद्यालयाच्या सहलीत पहिल्यांदा घेतला होता, गाळ खेचून काढायच्या जबड्यातून. नितलस्थांचा वास, असं सर म्हणाले होते. चौदा मीटर खालचा वास माणसाच्या बाहीला लागत नाही. लागायचा तर काठावरचाच, जिथे गुडघाभर पाण्यात पाय रुततो.

“काय हुंगतेस?” ताई म्हणाली.

“काही नाही. नीट निघाला नाही साबण.”

“काय निघणार? गाळात लोळून येतो की काय कोण जाणे. चार दिवस झाले, तोच वास. मला तर उलटी होईल असं होतं.” मग ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुझं काय चाललंय? जेवताना त्याच्या हाताकडे बघत असतेस. तो म्हणत होता काल, तुझी बहीण माझी नखं मोजते.”

“म्हणाले असं?”

“थट्टेत गं.”

ताई टोपली कमरेवर घेऊन आत गेली. तिची चाल हल्ली बदलली होती, दोन्ही पायांमध्ये अंतर ठेवून, डुलत. लग्नाआधी त्या दोघी एका पलंगावर झोपत, एक उशी, एक पांघरूण, एकीला ताप आला की दुसरीला येई. मग एक माणूस आला, आणि दोघींच्या मधल्या पाण्यात कायमचा राहिला. का ती स्वतःच आली होती त्यांच्यामध्ये, पुस्तकं आणि पलंग घेऊन? आगंतुक कोण, हे ज्याच्या हातात भिंग असतं तो ठरवतो. तिला स्वतःचा संशय आला. भावोजी खोटे निघावेत असं आपल्यालाच कुठेतरी हवंय, आणि म्हणून दोर कोरडा लागतोय, म्हणून बाहीला वास येतोय. पण सात आणि आठ आणि अकरा यांना तिचं काही हवंनको नव्हतं. ते काचेखाली निमूट पडून होते. त्यांच्या अंगावर लिहिलेलं होतं ते कुठले. ती दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम पेन्सिली तासत होत्या. सगळ्यांना सारखं टोक येईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. तिने बाटल्या मांडल्या, आकडे सांगितले, वल्ह्यावरची धूळ सांगितली. सदरा सांगितला नाही. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुला खात्री आहे?”

“सात, आठ, मग अकरा.”

“मी खात्री विचारली. आकडा नाही.”

तिने काच पुढे सरकवली. मॅडमनी डोळा लावून काच पाहिली, बराच वेळ. मग त्या म्हणाल्या, “पायरीबहाद्दरचा हा धाकटा भाऊ निघाला म्हणायचा. तसा माणूस वाटत नव्हता.” आणि थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं, “तळाचं तापमान शेवटचं कधी घेतलंय आपण?”

“गेल्या महिन्याच्या पाहणीत. अठरा होतं. वर सव्वीस.”

“मग थर पक्के आहेत. अजून दीड महिना ते मोडत नाहीत, दर वर्षीचं आहे.” त्यांनी चष्मा काढला. “तरी उद्या आपण दोघी जाऊन मोजू. तापमान घेतल्याशिवाय मी कुणाच्या नावापुढे काही लिहीत नाही. बोटमास्तरला सांग, होडी तयार ठेव म्हणावं. आणि दुसरं काही सांगू नकोस.”

तिने दुसरं काही सांगितलं नाही. पण मॅडम स्वतः होडीत बसणार, खोलीचा तापमापक घेणार, एवढं ऐकल्यावर भावोजींना आणखी काही ऐकायची गरज उरली नाही. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. तिने वाट पाहिली, आता थट्टा येईल, माशांवरून, भिंगावरून, कशावरून तरी. आली नाही. ते उठून बाहेर गेले आणि पंपघराच्या भिंतीला टेकून तलावाकडे तोंड करून उभे राहिले. वाऱ्याने त्यांचा सदरा पाठीला चिकटत होता, सुटत होता. अपराधी माणूस असाच उभा राहतो, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, ज्याच्यावर आळ आला तोही असाच उभा राहील, दोघांच्या पाठी सारख्याच दिसतात.

आत ताई भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, “तू गेली होतीस ना मॅडमकडे?”

“ताई, नमुन्यात...”

“मला नमुन्यातलं कळत नाही. शंका आली होती तर घरात बोलायचंस. हातभर अंतरावर जेवायला बसतो तो. नुसतं विचारायचंस.”

“विचारलं होतं. ते थट्टा करतात.”

“मग पुन्हा विचारायचं. थट्टा संपेपर्यंत विचारायचं. मी तेच करते.” सुरी थांबली. “त्याने असं केलं असेल तर मी त्याला सोडणार नाही, ते माझं मी बघेन. पण केलं नसेल तर तू काय करशील, ते आत्ताच ठरवून ठेव.”

सकाळी वारा होताच. मॅडमनी धक्क्यावर उभं राहून, भावोजींना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात, शाळेच्या सहलीला सांगावं तसं सांगितलं. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. ही दोन पाण्यं एकावर एक राहतात, मिसळत नाहीत. जोवर वर गरम आणि खाली थंड आहे तोवर तळाचा जीव तीन मीटरवर येऊ शकत नाही, आणि आला असं कुणी म्हणत असेल तर बाटली काठावर भरलेली आहे. पण हवा पालटून वरचं पाणी निवलं आणि वाऱ्याने तलाव वरपासून खालपर्यंत ढवळला, तर सगळीकडे एकच तापमान निघेल, आणि मग तळाचे जीव कुठेही सापडतील. “तेव्हा,” मॅडम म्हणाल्या, “फरक निघाला तर एक, नाही निघाला तर दुसरं. तिसरं काही नाही. मास्तर, तुम्ही तारेला हात लावायचा नाही. फक्त होडी धरायची.”

“बरं, मॅडम,” भावोजी म्हणाले.

होडीत चढताना त्यांनी सवयीने तिला हात दिला. तिने तो धरला, आणि तो कोरडा, गरम, नेहमीसारखाच होता. “सांभाळून, मॅडम,” ते तिलाही म्हणाले. भिंगबाई नाही. ती मधल्या फळीवर बसली. वल्ही पाण्यात जाऊन वर येत होती, आणि ती त्यांच्याकडे नको नको म्हणत पाहत होती: पाती ओली होऊन वर यायची, वारा आडवा लागायचा, थेंब उडून जायचे. मनोऱ्यापर्यंतची ही वाट माणूस रोज तोडतो की नाही हे त्याच्या दमावरून कळेल, असं वाटून ती त्यांचा श्वास ऐकत राहिली. तो एका लयीत चालला होता. तेवढ्यावरून काही ठरवू नये, असं तिने स्वतःला सांगितलं. पाण्याला तो फुलदाणीचा वास होता. की तो सदऱ्याचाच होता, भावोजी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसले होते. तलावाचा रंग मात्र वेगळा वाटला, चहात दूध कमी पडल्यासारखा. रंग डोळ्यांना फसवतो. तिने रंग बाजूला ठेवला.

मनोऱ्याच्या भिंतीत लोखंडी कडं आहे. भावोजींनी ते एका हाताने पकडून होडी दाबून धरली. त्यांच्या दंडाची शीर उभी राहिली. तापमापकाचं टोक जाड तारेला बांधलेलं होतं, तारेवर मीटरमीटरला लाल पट्ट्या. मॅडमनी आकड्यांची पेटी मांडीवर घेतली आणि पडदा तिच्याकडे वळवला. “तू सोड. तूच वाच. मोठ्याने.”

तिने टोक पाण्यात बुडवलं. आकडे धावले, अडखळले, थांबले. “पृष्ठभाग. बावीस पूर्णांक चार.”

“पुढे.”

तार ओली, गार, बोटांतून सरकत गेली. तिला कळलं की आपल्याला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. खाली थंड निघावं. म्हणजे सात, आठ, अकरा खरे, दोराचा कोरडेपणा खरा, आपण खऱ्या. आणि खाली थंड निघू नये. आतल्या खोलीत ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती, सकाळी उठलीच नव्हती. दोन्ही हवंसं वाटणं एकाच जागी राहत होतं आणि मिसळत नव्हतं.

“तीन मीटर. बावीस पूर्णांक चार.”

“तीनला सारखं असणारच,” मॅडम म्हणाल्या. “दर वर्षी असतं. पहिला थर सहापर्यंत. सातला बघू.”

भावोजी कड्याकडे पाहत होते. तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. ते काही मागत नव्हते, काही सांगतही नव्हते. चौथी पट्टी गेली, पाचवी, सहावी. तिने तार जरा जास्तच हळू सोडली.

“सात मीटर. बावीस पूर्णांक चार.”

मॅडमनी पेटी हलवली, तारेचा जोड दाबून पाहिला. “बघ पुन्हा.” तिने टोक वर ओढून घेतलं, वाऱ्यात धरलं, आकडा घसरला, सतरावर आला. पेटी जिवंत होती. पुन्हा सोडलं. पुन्हा सात मीटर, पुन्हा तेच. होडी एकदा जोरात डचमळली आणि भावोजींनी दुसरा हातही कड्याला लावला. मॅडमनी फक्त बोटाने खाली दाखवलं.

नऊ. अकरा. पट्ट्या एकामागून एक पाण्याखाली जाऊन तपकिरी होत नाहीशा झाल्या. मग तार सैल पडली. टोक गाळाला लागलं होतं. तिने हातभर वर घेतलं आणि आकडा थांबायची वाट पाहिली.

“मोठ्याने,” मॅडम म्हणाल्या.

“तळ. चौदा मीटर. बावीस पूर्णांक चार.”